दोन टक्के आणि आपली शाळा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'इंजिनिअरिंग कंपन्या आणि सामाजिक बांधिलकी'. पत्रिकेवर छापलेला चांगला भारदस्त दिसतो. पण खरा प्रश्न काय आहे ते मला ठाऊक आहे, कारण तो आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षभर फिरतोय. सुप्रभातच्या फुलांमधून वाट काढत कुणीतरी दर महिन्याला विचारतंच, "कावं, तुह्या कंपनीतून शाळेले काही भेटन का?" आज सगळे समोर बसले आहात, तर त्याचंच उत्तर देते. मिळू शकतं. पण ज्या रीतीने आपण मागतोय त्या रीतीने मिळणार नाही, आणि जे मागतोय ते मिळून फारसा उपयोगही होणार नाही.

ज्यांची बऱ्याच वर्षांनी भेट होतेय त्यांच्यासाठी सांगते. इथून दहावी झाल्यावर मी मेहकरला बारावी केली, शेगावला अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुण्याला गेले ती तिथलीच झाले. पंपांच्या कंट्रोल पॅनलमध्ये जे सॉफ्टवेअर असतं ते लिहिण्याचं माझं काम. मोटार कोरडी चालू नये, व्होल्टेज पडलं तर बंद व्हावी, असल्या गोष्टी. घरी काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे स्टार्टरच ना?" हो, स्टार्टरच, थोडा शिकलेला. याखेरीज गेली सहा वर्षं मी आमच्या कंपनीच्या सीएसआरच्या कामात स्वयंसेवक आहे. पैसे कुणाला द्यायचे ते मी ठरवत नाही. आलेले प्रस्ताव वाचायचे, जागेवर जाऊन बघायचं आणि परत येऊन लिहून द्यायचं, एवढंच. त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने हा कारभार कसा दिसतो ते मला सांगता येईल.

आधी कायदा काय आहे ते सांगते, कारण यात गैरसमज फार. कंपनी कायदा २०१३ चा. त्यातलं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा जास्त, किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा जास्त, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावी लागते. तिन्हींपैकी एक अट बसली तरी पुरे. म्हणजे ज्या कंपनीचा सरासरी नफा ४० कोटी आहे तिच्याकडे वर्षाला ८० लाख. ऐकायला मोठी रक्कम वाटते. आठ-दहा प्रकल्पांत वाटली की काय उरतं, त्याचा हिशेब तुम्हीच करा. कोणती कामं चालतील त्याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. शिक्षण, आरोग्य, पाणी, पर्यावरण, ग्रामविकास हे सगळं त्यात येतं. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या भल्यासाठी केलेला खर्च चालत नाही. धंद्याचा भाग म्हणून केलेलं कामही चालत नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि ग्रुपवर एकाने लिहिलं होतं की कंपन्या टॅक्स वाचवायला हे करतात. तसं नाही. सीएसआरचा खर्च आयकरात धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत रक्कम खर्च झाली नाही तर कंपनीने अहवालात कारण द्यायचं आणि मोकळं व्हायचं, एवढंच होतं. जानेवारी २०२१ मध्ये ते बदललं. आता न खर्चलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत वेगळ्या खात्यात किंवा सरकारी निधीत टाकावी लागते, नाहीतर दंड. शिस्त आली, पण त्या शिस्तीचा एक साइड इफेक्टही झाला. मार्चएंड. आपल्याकडे मार्चमध्ये रस्त्यावर डांबर पडतं ना, तसंच. फेब्रुवारी संपत आला की ज्याचं बिल लगेच मिळतं, ज्याचा फोटो लगेच निघतो, अशा वस्तू निघतात. टॅब, प्रोजेक्टर, बेंच, पाण्याचं आरओ मशीन. वस्तू वाईट नसतात. त्या वस्तूंना एप्रिल बघायचा असतो याचा विचार कुणी केलेला नसतो.

आता हा पैसा बीबीपर्यंत का येत नाही? कायद्यात एक वाक्य आहे की कंपनीने आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावं. कारखाने चाकण, रांजणगाव, पिंपरी-चिंचवडला, तर पैसा तिथेच फिरतो. पुण्याभोवतीच्या काही शाळांत मी गेले आहे, तिथे तीन कंपन्यांचे तीन डिजिटल बोर्ड आहेत आणि तिन्हींवर तिघांच्या नावाच्या पाट्या. एका मुख्याध्यापकांनी मला हात जोडून सांगितलं, "मॅडम, बोर्ड नको, एक शिक्षक द्या." आपल्या जिल्ह्यात खामगाव-मलकापूरची एमआयडीसी सोडली तर मोठे कारखाने फार नाहीत. लोणार तालुक्याचं तर विचारूच नका. सरोवर जगप्रसिद्ध, २०२० मध्ये रामसर यादीत गेलं, पण उल्का पडून कारखाना निघत नाही. शिवाय केंद्राने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्हे निवडले, त्यात शेजारचा वाशिम आला, बुलडाणा नाही. अनेक कंपन्या परिसराबाहेर जायचं म्हटलं की आधी ती यादी उघडतात. म्हणजे आपण ना कारखान्याजवळचे, ना यादीतले. मधल्यामध्ये.

तरी एक बारीक फट आहे. 'प्राधान्य' म्हणजे सक्ती नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केलेलं आहे. चांगला प्रस्ताव असेल तर कंपनी कुठेही जाऊ शकते. प्रश्न प्रस्तावाचा आहे.

ग्रुपवर आपली जी यादी तयार झाली आहे ती मी नीट वाचली. स्मार्ट बोर्ड, २० संगणक, आरओ, सोलर, मुलींसाठी स्वच्छतागृह. यादी करणाऱ्यांवर माझा राग नाही, मनापासून केली आहे. पण मी जागेवर जाऊन काय बघितलं ते सांगते. कंपनीचं नाव सांगणार नाही, गावाचंही नाही. दोन वर्षांपूर्वी दिलेली संगणकांची खोली होती. कुलूप होतं. किल्ली ज्या सरांकडे होती त्यांची बदली झालेली. कुलूप तोडलं तर आत १२ संगणक, सगळे धड, फक्त इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या मेलेल्या. बॅटरीचे पैसे कोण देणार यावर दीड वर्ष कागद फिरत होता. देणारी कंपनी म्हणाली आमचा प्रकल्प पूर्ण झाला. शाळा म्हणाली आमच्याकडे शीर्ष नाही. दोघंही खरंच बोलत होते.

हे एका खोलीचं नाही. २०१४ मध्ये शाळाशाळांत स्वच्छतागृहं बांधायची देशभर मोहीम निघाली. वीज, कोळसा, तेल या क्षेत्रांतल्या सरकारी कंपन्यांनी, म्हणजे देशातल्या सगळ्यात तगड्या इंजिनिअरिंग कंपन्यांनी, सीएसआरमधून लाखाच्या वर स्वच्छतागृहं बांधल्याचं सांगितलं. नंतर कॅगने नमुना म्हणून काही शाळा तपासल्या. २०२० मध्ये तो अहवाल संसदेत ठेवला गेला. दहापैकी सुमारे सात ठिकाणी आत नळाचं पाणी नव्हतं. काही तर बांधलेलीच नव्हती, पण ती गोष्ट वेगळी. ज्यांनी धरणावरचे पंप चालवले, औष्णिक केंद्रं उभी केली, त्यांना शाळेच्या टाकीत पाणी चढवता येत नव्हतं असं कोण म्हणेल? येत होतं. बांधकाम मोजलं जात होतं, पाणी मोजलं जात नव्हतं.

इथे बसलेल्या मैत्रिणींना मी काय बोलतेय ते लगेच कळेल. आमच्या पिढीतल्या खेड्यातल्या कुठल्याही मुलीला विचारा, शाळेच्या दिवशी सकाळी पाणी किती प्यायचीस? कमीत कमी. दुपारची डोकेदुखी आम्हाला अभ्यासाची वाटायची. बाईंना ठाऊक होतं, त्यांचीही तीच अवस्था होती. त्यामुळे स्वच्छतागृह यादीत शेवटी लिहिलेलं बघून मला वाईट वाटलं. ते पहिलं हवं, आणि त्याच्यापुढे 'पाण्यासकट' असा शब्द हवा.

आता चांगलं काय दिसलं तेही सांगते, आणि त्यासाठी लांब जायला नको. २०१८ चा उन्हाळा आठवा. भारतीय जैन संघटना आणि राज्य शासन यांनी मिळून आपल्या जिल्ह्यात 'सुजलाम् सुफलाम् बुलडाणा' सुरू केलं. शंभराहून जास्त जेसीबी आणि पोकलेन जिल्हाभर फिरत होते. यंत्रं संघटनेची, डिझेल शासनाचं, आणि तलावातला गाळ शेतात वाहून न्यायचा खर्च शेतकऱ्याचा. मला यातला तिसरा भाग सगळ्यात हुशारीचा वाटतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीचे पैसे स्वतःच्या खिशातून गेले की माणूस गाळ कसला आहे ते हातात घेऊन बघतो. मुरमाड रानात तो पसरला की पुढच्या हंगामातलं सोयाबीन स्वतःच सांगतं. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी त्या वर्षी ट्रॉल्या टाकल्या असतील. उणिवा होत्याच. वरच्या माळावरची माती अडवली नाही तर तलाव पुन्हा भरणार, आणि गाळ संपून खाली मुरूम लागला तरी यंत्र थांबत नाही अशीही ठिकाणं असतात. पण काम गावाच्या उपयोगाचं होतं आणि त्यात गावाचा पैसा गुंतला होता.

दुसरं उदाहरण तर आपल्या जिल्ह्याच्या नावानेच देशभर ओळखलं जातं. 'बुलडाणा पॅटर्न'. महामार्ग बांधायला माती-मुरूम लागतो. तो कुठून तरी उचलावाच लागतो. टेकडी पोखरा, नाहीतर कोरडे पडलेले तलाव आणि नाले खोल करा. आपल्याकडे दुसरा मार्ग धरला. रस्त्याच्या ठेकेदाराला मुरूम मिळाला, गावाला पाणी साठायला जागा मिळाली, आणि खोदाईचा वेगळा खर्च सरकारला आला नाही. नितीन गडकरी हे उदाहरण भाषणांतून सांगत असतात. पुढे २०२२ मध्ये अमृत सरोवर योजना आली, तेव्हाही तलावांतून निघालेली माती रस्ते आणि रेल्वेच्या कामाला वापरायची हीच कल्पना होती.

आता मघाचा मुद्दा आठवा. धंद्याचा भाग म्हणून केलेलं काम कायद्याने सीएसआर धरलं जात नाही. म्हणजे या ठेकेदार कंपनीने तलाव खोल केला त्याचा एक रुपयाही तिच्या दोन टक्क्यांत मोजला जाणार नाही. उलट तिने तीच टेकडी पोखरली असती आणि मार्चमध्ये गावाच्या शाळेला चार पंखे दिले असते, तर पंखे मोजले गेले असते. कायदा चुकीचा आहे असं मला म्हणायचं नाही. तो तसा नसता तर कंपन्यांनी आपलं रोजचं कामच समाजसेवा म्हणून दाखवलं असतं. पण आपण गावकऱ्यांनी तरी पंख्यांवर खूश होऊन टेकडीकडे पाठ फिरवू नये. कंपनी उरलेले ९८ टक्के कसे कमावते त्यात तिची बांधिलकी जास्त कळते.

कायद्याच्या कितीतरी आधीची दोन नावं मला यात घ्यावीशी वाटतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला कुणी घेईना, कारण लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता. ते नांगर सुधारत राहिले, शेतकऱ्याला पटवत राहिले. हे दान नव्हतं, धंदाच होता, पण तो शेतकऱ्याच्या गरजेला धरून होता. दुसरं नाव फकीरचंद कोहली यांचं. त्यांच्या पुढाकाराने टीसीएसने २००० मध्ये प्रौढांना संगणकावर वाचायला शिकवण्याचा कार्यक्रम काढला, आधी तेलुगूत, मग इतर भाषांत. अक्षरं घोटत बसण्याऐवजी चित्रांच्या मदतीने अख्खे शब्द ओळखायचे, आणि चाळीसेक तासांत माणूस वर्तमानपत्राचा मथळा वाचू लागतो. सॉफ्टवेअर कंपनीने चादरी वाटल्या नाहीत, स्वतःला जे येतं ते दिलं. ते मला पटतं.

म्हणून मी असं सुचवते की आपण कंपनीकडे तिला येणारी गोष्ट मागू. पंपाच्या कंपनीकडे पाणी मागायचं. बोअरपासून टाकीपर्यंत, टाकीपासून मुलींच्या स्वच्छतागृहातल्या नळापर्यंत. उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली गेलं तर मोटार जळू नये याची सोय. एवढंच, पण चालणारं.

प्रस्ताव कसा लिहायचा त्याबद्दल काही गोष्टी. २०२१ नंतरच्या नियमात 'चालू प्रकल्प' म्हणून एक प्रकार आहे. त्यात सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत काम चालू ठेवता येतं. म्हणजे बसवण्याच्या खर्चासोबत तीन वर्षांची देखभाल त्याच प्रस्तावात मागता येते. हे फार थोड्या शाळा मागतात, कारण कुणी सांगतच नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं की देखभालीचा करार किती वर्षांचा? आणि शाळेने विचारला तर आपल्याला तो उद्धटपणा वाटतो. विचारायचा.

मालकी कुणाची हेही आधीच लिहावं लागतं. सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनी स्वतःकडे ठेवू शकत नाही. ती सार्वजनिक प्राधिकरणाच्या, नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या किंवा लाभार्थ्यांच्या गटाच्या नावावर लागते. पैसा मधल्या संस्थेमार्फत यायचा असेल तर त्या संस्थेला आयकरातली १२-ए आणि ८०-जी नोंदणी लागते, मंत्रालयाकडे सीएसआर-१ चा फॉर्म भरून मिळालेला क्रमांक लागतो आणि अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही. आपल्या माजी विद्यार्थी संघाची तर अजून साधी नोंदणी नाही, म्हणजे तो रस्ता आज बंद आहे. कंपनीने वस्तू स्वतः खरेदी करून बसवून द्यावी हा रस्ता उघडा आहे. आपण तोच धरू. संघाची नोंदणी मात्र या वर्षी करून टाका, तीन वर्षं मोजायला कधीतरी सुरुवात व्हायला हवी.

आणि आपला वाटा. शेतकऱ्याच्या ट्रॉलीसारखा. चौथ्या वर्षी कंपनी जाणार आहे, हे आजच धरून चाला. आपली बॅच आणि मागच्या-पुढच्या दोन बॅचेसनी मिळून दरवर्षी थोडी रक्कम फक्त दुरुस्तीसाठी बाजूला ठेवली, वॉशर, व्हॉल्व्ह, मोटारीचं वायंडिंग, विजेचं बिल यासाठी, तर प्रस्तावात तसं लिहिता येईल. मी वाचलेल्या प्रस्तावांत हे वाक्य फारच क्वचित असतं, आणि असलं की वाचणारा सरळ बसतो. शिवाय गावात राहणारं कुणीतरी हवं, ज्याचा फोन नंबर टाकीवर लिहिलेला असेल. पुण्या-मुंबईचा नंबर नको. आपल्यातले जे गावात राहिले, ज्यांना आपण ग्रुपवर उगाच 'तुम्ही काय, निवांत' म्हणतो, खरा भार त्यांच्यावर पडणार आहे. त्यांनी हो म्हटलं तरच मी पुढे जाईन.

माझ्या कंपनीबद्दल कालपासून सगळे विचारताहेत. प्रस्ताव तिथेही देऊ, पण माझी शाळा असल्यामुळे तो मी तपासणार नाही आणि त्यावर चर्चा होईल तेव्हा मी त्या खोलीत नसेन. हे मी आमच्या लोकांना कळवलेलं आहे. रागावू नका. उद्या मंजूर झालाच तर तो बोअर आणि टाकीच्या गुणावर मंजूर झालेला बरा. पंप बनवणाऱ्या आणखी दोन-तीन कंपन्यांकडेही तोच कागद पाठवू. लिहून मी देते, पंधरा दिवसांत. सरांनी शुद्धलेखन तपासायचं कबूल केलंय, त्यामुळे लाल शाईची तयारी ठेवली आहे.

मला फक्त माहिती हवी आहे. शाळेत मुली किती, बोअर किती फूट, मार्च ते जून पाणी कुठवर जातं, टाकी किती लिटरची आणि गळते का, वीजबिल कोण भरतं. आणि आज जेवणानंतर कुणीतरी मागच्या बाजूला जाऊन मोटारीवरच्या पाटीचा फोटो काढून ग्रुपवर टाका. एचपी आणि मॉडेल नंबर नीट दिसला पाहिजे, मागच्या वेळी फोटोत नुसती बोटंच आली होती.